जादा ‘स’चा गुन्हा

दादरच्या रानडे रोडवर किंवा गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला पाट्या वाचत निघालं, की इंग्रजीच्या जाणकारांना घाम फुटतो. ‘फर्निचर्स’, ‘फुटवेअर्स’, ‘स्टेशनरीज’! इंग्रजीत फर्निचर एका खुर्चीचं असो वा अख्ख्या लग्नघराचं, ते फर्निचरच राहतं. लगेज, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस यांनाही ‘स’ची शेपटी चालत नाही. पूर्वी हा अपराध निदान रोमन लिपीत खपून जायचा. २५ सप्टेंबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने मराठी पाट्यांसाठी मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि बिचारा ‘स’ देवनागरीत ठळकपणे वर चढला. कायद्याला अक्षराची उंची कळते, व्याकरण त्याच्या कक्षेत येत नाही.

पण या पाटीला हसणारे साहेब कोण, तेही पाहू. ‘आमचा क्रायटेरिया एकच’ असं मीटिंगमध्ये ठासून सांगणारे, आणि स्वतःला अमुक कॉलेजचा ‘ॲलम्नाय’ म्हणवणारे. क्रायटेरिया हे अनेकवचन. एकच असेल तर क्रायटेरियन. ॲलम्नाय व्हायला दोघे तरी लागतात. इंग्रजीच्या हिशेबात ही चूक फर्निचर्सच्याच तोलाची, पण ग्रीक-लॅटिनचा सूट घालून आल्यामुळे तिला कुणी दारात अडवत नाही. म्हणजे आपण चुकीला हसत नाही, चुकणाऱ्याच्या गल्ल्याला हसतो. आणि इंग्रजी तरी कुठे सोवळी आहे? आपला पायजमा एकच असतो. साहेबाने त्यात दोन पाय पाहिले आणि त्याचे ‘पजामाज’ केले. गिरगावच्या टोकाशी, १९११ साली पंचम जॉर्जने उद्घाटन केलेलं ऑपेरा हाऊस उभं आहे. ‘ऑपेरा’ हे मुळात लॅटिन ‘ओपस’चं अनेकवचन. इटालियनांनी ते एकवचन म्हणून वापरलं, इंग्रजांनी तसंच उचललं आणि आपण त्या नावाने बसचा थांबा ओळखू लागलो.

मग काहीही चालेल का, असा प्रश्न येईलच. चालणार नाही. नोकरीच्या इंग्रजी अर्जात ‘इन्फर्मेशन्स’ लिहिलं, तर अर्ज बाजूला पडेल आणि तक्रारीला जागा नसेल. इंग्रजी वाक्यात इंग्रजीचाच कायदा. पण वाक्य मराठी असलं, की शब्दाने मराठीच्या चालीने चालावं. इंग्रजीत ‘पोलीस’ हे अनेकवचन, इथे एक पोलीस नाक्यावर उभा असतो आणि त्याच्यावाचून आपलं अडतं. चाळीतली खोली ‘दहा फूट’ लांब असते, ‘फीट’ म्हणणारा बहुधा बिल्डर असतो. एक बोंबील, दोन बोंबील म्हणणाऱ्या भाषेला फूट बदलायचं कारणच नाही. परळला ‘एक लेडीज चढली’ म्हटल्यावर नेमक्या किती चढल्या, अशी शंका आजवर कुठल्याही डब्यात निघालेली नाही. ‘भाषा बिघडते’ हा आक्षेपही ऐकला. मराठीची काळजी असणाऱ्यांनी ‘फर्निचर्स’मधल्या ‘स’वर रागावण्याआधी ‘फर्निचर’वर रागवायला हवं होतं, त्याबद्दल मात्र सगळे चिडीचूप. तरीही शुद्धीची मोहीम काढायचीच असेल, तर दुकानदाराला नंतर गाठा. आधी लालबागहून टॅक्सी करा आणि चालकाला ‘ओपस हाऊस’ सांगून पाहा. मीटर चालू राहील, एवढी खात्री देता येते.