निवांत

"उद्या निवांत जाऊ," असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी शनिवारी रात्री सांगितलं आणि रविवारी पहाटे पावणेपाचला आमची बेल वाजवली.

बेत माथेरानचा होता. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. "वर गाड्यांना बंदी. हॉर्न नाही, धूर नाही. नुसतं बसायचं," काका म्हणाले. नुसतं बसायला लागणारं सामान काकूंनी तीन पिशव्यांत भरलं होतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, सतरंजी, थर्मास आणि डिसेंबर असूनही दोन छत्र्या.

डोंबिवलीहून सकाळची कर्जत लोकल म्हणजे उलट्या दिशेची गाडी. पण पस्तीस वर्षांची सवय! गाडी थांबताच काकांनी खांदा पुढे काढून डब्यात मुसंडी मारली. समोर अडवायला कुणीच नव्हतं, त्यामुळे ते थेट पलीकडच्या दारापर्यंत जाऊन पोहोचले. मग अख्खा डबा मोकळा असताना आम्हा तिघांच्या बाकावर चौथे म्हणून टेकले.

नेरळला छोट्या गाडीची तिकिटं संपली होती. दोष आमचाच. वांगणीपासून काका "घाई कसली?" म्हणत होते, आणि आमच्यापेक्षा जास्त घाई असलेली माणसं नेरळला आधीच रांगेत होती. ही गाडी १९०७ सालची. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचा ध्यास. दोन फुटी रुळांवरून ती वीसेक किलोमीटर चढायला दोन तासांवर वेळ घेते. "दोन तास? एवढ्यात आपण व्हीटीला जाऊन परत आलो असतो," असं म्हणून काकांनी द्राक्षं आंबट ठरवली.

मग टॅक्सी. "एक सीट, एक सीट" असं ओरडत चालकाने आम्हा चौघांना कोंबलं. त्यानंतरही तो एक सीटच मागत होता. घाटातल्या प्रत्येक वळणावर माझ्या मांडीवर कुणाची तरी पिशवी येई आणि पुढच्या वळणावर तिचा मालक.

दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी जात नाहीत. चालायचं, घोडा करायचा किंवा अलीकडे आलेली ई-रिक्षा पकडायची. घोडेवाल्याने विचारलं, "पॉइंट दाखवू का, साहेब?"

"एकूण किती आहेत?"

"तीसच्या वर."

मला वाटतं, दिवस तिथेच हातचा गेला. काकांनी डायरी काढली. "दोन तासांत किती बसतील?" त्यांना आता माथेरान सोडवायचा पेपर दिसायला लागला होता. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि त्यांनी इथे थंड हवेचं ठिकाण वसवायचं मनावर घेतलं. त्यांना संध्याकाळची लोकल गाठायची नव्हती, म्हणून जमलं.

काका घोड्यावर, आम्ही मागून. जांभ्याच्या तांबड्या धुळीत त्यांची पांढरी पँट पहिल्याच पॉइंटला गुलाबी झाली. दरीकडे पाहिलं, टिक. दुसरा पॉइंट, टिक. इको पॉइंटवर पन्नासेक माणसं एकदम ओरडत होती. काकांनीही काकूंच्या नावाने हाक मारली. समोरच्या कड्यावरून उत्तर आलं, "पिंट्याऽऽ!"

"हा आपला नाही," काका म्हणाले आणि आपल्या प्रतिध्वनीची वाट बघत उभे राहिले. तेवढ्यात एका माकडाने पुऱ्यांची पिशवी उचलली, झाडावर नेली, आणि त्या रविवारी माथेरानात पहिल्यांदाच कुणीतरी निवांत बसून जेवलं.

उपाशीपोटी आम्ही शार्लट लेकला आलो. पिसारनाथाचं देऊळ, पाण्यावर झाडांची सावली, माणूस तुरळक. काकूंनी सतरंजी पसरली. थर्मासमधला चहा झाला. वारा थांबला, पानही हलेना.

दोन मिनिटं गेली. काका उठून बसले. "काय झालंय हो?"

"कुठे?"

"काहीच ऐकू येत नाहीये." त्यांनी कानात बोट घालून पाहिलं. मोबाइल काढला, त्याला रेंज नव्हती. "बरं नाही वाटत मला. धडधडतंय."

"अहो, पडा जरा," काकू म्हणाल्या.

ते पडले. झाडांकडे बघत पडले, घड्याळाकडे बघत पडले, शेवटी उठून चपला घालून बसले. तिसऱ्या मिनिटाला सतरंजीची घडी झाली. चिक्की घेऊन, जवळजवळ पळतच आम्ही दस्तुरी गाठली.

नेरळच्या फलाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. भोंगा वाजत होता, दोन पोरं रडत होती, भजीवाला ओरडत होता, वरून लोकल पंधरा मिनिटं उशिरा येत असल्याची घोषणा. कुणाची तरी सॅक काकांच्या बरगडीत रुतली होती. त्यांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला.

"हं," ते म्हणाले, "आता कसं बरं वाटतंय."