भाचेबुवांच्या डाव्या हातास

प्रिय डाव्या हाता,

पत्र खरं तर तुझ्या मालकाला लिहायचं होतं. पण भाच्याला काही बोललं की ताईचा फोन येतो, आणि ताईशी वाद घालणं मला या जन्मी जमलेलं नाही. शिवाय चौकशीअंती असं आढळलं की परवाच्या रविवारी सिंहगडाच्या घाटात माझ्या मोटरसायकलची जी वाट लागली, तिच्यात उजव्या हाताचा आणि दोन्ही पायांचा फारसा सहभाग नव्हता. डोक्याचा तर अजिबातच नव्हता. पराक्रम सगळा तुझा, तेव्हा अभिनंदनही तुझंच. पत्र खुलं ठेवतोय, कारण तुझ्यासारखे हात आता घरोघरी आहेत.

किरकोळ तक्रारी आधी उरकतो. पेट्रोल रिझर्व्हला आणलं, चालेल. आरशात मागच्या गाड्यांऐवजी स्वतःचे केस दिसतील अशी सोय केली, वयच आहे. हेल्मेटला कांदाभजीचा वास कसा लागला, ते मी विचारणारही नाही. पण किल्ली परत करताना तुझा मालक जे बोलला, ते मात्र मला झोपू देत नाही. म्हणाला, "मामा, तुझ्या गाडीला पिकअपच नाही रे."

पिकअप नाही! सकाळी गाडी नेली तेव्हा होता. दुपारपर्यंत तू तो भाजून खाल्लास.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये इंजिनाचं उजवं झाकण उघडलं तेव्हा तू तिथे असायला हवा होतास. ऑइल काळं, आणि वास असा की शेजारच्या चहावाल्याने मान वळवली. मेकॅनिकने एकेक प्लेट काढून जुन्या पेपरवर मांडली. अस्तराच्या प्लेटा करपून गुळगुळीत झालेल्या, आणि त्यांच्या मधल्या लोखंडी प्लेटा निळ्या-जांभळ्या, मोरपिसासारख्या. त्याने एक लोखंडी प्लेट काचेवर ठेवून बोटाने दाबली, तर ती टकटक हलली. तापून वाकली होती. "नवीन पोरगं बसलं होतं ना गाडीवर?" त्याने मान वर न करताच विचारलं. तुझी सही ओळखायला त्याला एवढं पुरलं.

आता तू कशावर सही केलीस ते सांगतो. नवी अस्तराची प्लेट साधारण 3 मिलिमीटर जाड असते. त्यातले तीन-चार दशांश मिलिमीटर झिजले की तिचं आयुष्य संपलं. एवढ्याशा जाडीवर गाडी 30-40 हजार किलोमीटर सहज काढते, कारण तू लिव्हर सोडलास की स्प्रिंगा सगळ्या प्लेटा एकमेकींवर घट्ट दाबून धरतात. मग घसरणं नाही आणि झीजही जवळपास नाही. प्लेटा घसरतात त्या फक्त मधल्या अवस्थेत, तू ना धड धरलेलं असतंस ना धड सोडलेलं, तेव्हा. जागेवरून गाडी उचलताना दोन-तीन सेकंद ते व्हायचंच, क्लच त्यासाठीच असतो. त्या दोन-तीन सेकंदांची उष्णता ऑइल वाहून नेतं. तू मात्र रविवारच्या गर्दीत, गाड्यांच्या रांगेत, प्रत्येक वळणावर ते दोन-तीन सेकंद पाच-पाच मिनिटं ताणलेस. चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून उजवीकडे ॲक्सिलेटर पिळलेला, डावीकडे तू अर्धा दाबलेला, आणि गाडी जागच्या जागी गुरगुरत उभी. अरे, ब्रेक नावाची वस्तू कंपनीने काय शोभेला दिली आहे?

आणि ती तुझी दोन बोटं! रस्ता मोकळा असो, उतार असो, टोलनाका असो, ती लिव्हरवर टेकलेलीच. आपण काही दाबत नाही, नुसते टेकलोय, असं तुला वाटतं. झिजलेल्या क्लचला तेवढा भारही घसरायला पुरतो. इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग होता तिथेच राहतो. याला गॅरेजच्या भाषेत क्लच स्लिप होणं म्हणतात, आणि भाचेबुवांच्या भाषेत मामाच्या गाडीला पिकअप नसणं.

खरा कळस तर पुढे आहे. उतरताना लिव्हर विचित्र लागतोय म्हणून खडकवासल्याच्या बाजूला एका टपरीवर गाडी थांबवून तुम्ही काय केलंत? "क्लच टाइट करून द्या." त्यानेही दिला, वीस रुपयांत. लिव्हरच्या टोकाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवलेली असते, ती काही कंपनीचा आळस म्हणून नसते. ती चाल आहे म्हणूनच तू सोडल्यावर स्प्रिंगा पूर्ण दाब देऊ शकतात. प्लेटा झिजल्या की माझ्या गाडीत ही चाल आपोआप कमी होते. म्हणजे त्या क्षणी केबल सैल करायला हवी होती, आणि तुम्ही ती ताणलीत. तिथून घरापर्यंत तू लिव्हरला हात लावला नसतास, तरी क्लच अर्धा दाबलेलाच राहिला असता. आगीतून फुफाट्यात ते असं. वर कुणा मित्राच्या सल्ल्याने कारचं उरलेलं ऑइल इंजिनात ओतण्याचा बेत होता, असंही कानावर आलं. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडून चालतो, म्हणून तिच्या ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही खूण बघून घ्यायची असते. डबा सापडला नाही, हे माझं नशीब.

इथवर लिहिल्यावर माझा राग खरं तर उतरायला हवा होता. तो उतरला नाही, फक्त त्याने पत्ता बदलला. मी केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 काढून बसलो. त्यातल्या नियम 15 मध्ये परीक्षेत उमेदवाराने काय काय करून दाखवायचं याची यादी आहे. तीव्र चढावर गाडी थांबवायची आणि मागे घरंगळू न देता पुन्हा सुरू करायची, हे त्या यादीत छापलेलं आहे. तुझ्या मालकाची परीक्षा कशी झाली? सपाट मैदानावर आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, पास! तो आठही तूच अर्ध्या क्लचवर काढलास, आणि शाबासकी मिळाली. म्हणजे जे केल्याबद्दल सरकारने तुला पक्कं लायसन दिलं, तेच केल्याबद्दल मी तुला शिव्या देतोय. चढाचा कागद कुणाच्या फायलीत धूळ खात पडलाय? त्या मैदानाच्या कडेला चार ट्रॉल्या माती टाकून एक चढ करायला यांच्या बापाचं काय जात होतं?

आणि शिकवलं कुणी तुला? लहानपणापासून ॲक्टिव्हावर बसलास. तिथे क्लच आपला आपण धरतो आणि सोडतो, डाव्या हाताला ब्रेकशिवाय काम नाही. मग एके दिवशी कॉलेजच्या मैदानावर मित्राने गिअरची गाडी दिली आणि सांगितलं, "क्लच दाबून ठेव, म्हणजे बंद पडणार नाही." एवढं एकच वाक्य तुझं सगळं शिक्षण. त्या वाक्याला धरून तू घाटात शिरलास. मागे टेम्पो, त्याच्यामागे बस, पुढे उभा चढ, पाठीवर मित्राचं वजन, आणि गाडी एकदा बंद पडल्यावर एकदम वाजलेले दहा हॉर्न. तेव्हा तू लिव्हर धरून ठेवलास तो माजाने नव्हे, हे मला कळतं. तू भेदरला होतास. घरी आल्यावर तळव्यावर लिव्हरचा लाल वळ होता, तो मी पाहिला. पिकअपचं ते वाक्यही मालकाने बहुधा तुझी लाज झाकायलाच टाकलं असेल.

मोटरसायकल नकोच असेल, तर त्यातही कमीपणा नाही. जपानात होंडाने 1958 मध्ये सुपर कब काढली, ती क्लचच्या लिव्हरशिवायच. एका हाताने नूडल्सचा ट्रे सांभाळणाऱ्या पोऱ्याला दुसऱ्या हाताने चालवता यावी, असा हिशेब होता. तसा विचार असेल तर सांग, पण मग माझी गाडी मागू नकोस.

मागायची असेल, तर रविवारी सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आत ये. आमच्या टेकडीच्या रस्त्याला चांगला चढ आहे. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर, गिअर पहिला. मग तू हळूहळू सुट. इंजिनाचा आवाज जड झाला की तिथेच थांब, उजव्या हाताला थोडा ॲक्सिलेटर देऊ दे, ब्रेक सोडू दे, आणि गाडी हलली की पूर्ण बाजूला हो. मोठा वेग नसेल तर गिअर उतरव, अर्धा क्लच धरून चौथ्यात रांगू नकोस. मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे. गाडी बंद पडली तर पडू दे. बंद पडलेली गाडी किक मारली की सुरू होते, जळालेली प्लेट होत नाही.

तुझ्या मालकाचा,
मामा

ता. क. नव्या क्लच सेटचं, पॅकिंगचं आणि ऑइलचं बिल उजव्या हाताकडे पाठवत आहे. पाकीट तोच काढतो, असं कळतं.