पंगतीतून उठलेले पाहुणे

लग्नात याद्या होतात, देणंघेणं निभावतं, मानपानही पार पडतो आणि ऐन पंगतीत मठ्ठ्यावरून बिनसतं, हे आपल्याला नवीन नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचं एक ज्यू धर्मशिक्षणाचं कॉलेज असंच जेवणावरून गाजलं.

हिब्रू युनियन कॉलेज त्याचं नाव. बोहेमियातून आलेले रब्बी आयझॅक मेयर वाइज यांनी ते १८७५मध्ये काढलं. वर्ग एका सिनेगॉगच्या तळघरात. ग्रंथालय म्हणजे एक पेटी. रात्री तिला कुलूप लागे, तेही चोरांच्या नव्हे, उंदरांच्या धास्तीनं, असं सांगतात. त्या सिनेगॉगच्या मंडळीचं नाव मात्र बेने इस्राएल! आपल्या अलिबागच्या बेने इस्राएलांशी, म्हणजे शनवार तेल्यांशी, त्यांचा काही संबंध नाही, पण वाचताना उगाच गाववाला भेटल्यासारखं वाटलं.

जुलै १८८३मध्ये पहिले चार रब्बी पदवी घेऊन बाहेर पडले. जुन्या वळणाचे आणि सुधारक ज्यू एकाच कॉलेजात नांदावेत, ही वाइज यांची जन्माची हौस. पाहुणे लांबलांबून आलेले, हायलँड हाउसमध्ये मेजवानी, मेन्यूकार्डावर फ्रेंच नखरा. आणि सुरुवातीलाच ताटात काय, तर शिंपले! मागोमाग खेकडे, कोळंबी, बेडकाचे पाय. ज्यू धर्मशास्त्राला यातलं एकही चालत नाही. डुकराचं मांस तेवढं कटाक्षानं टाळलं होतं. म्हणजे काळजी घेतलीच नव्हती, असं म्हणता येणार नाही. शेवटी मांसाच्या जेवणावर आइस्क्रीम, म्हणजे दूधमांसाचाही विटाळ झाला. दोन रब्बी तडक उठून गेले, असं त्या चौघांतल्या डेव्हिड फिलिपसन यांनी म्हातारपणी लिहून ठेवलंय.

वाइज यांनी माफी मागितली नाही. उलट 'चुलीपुरता धर्म' म्हणून टीकाकारांचीच टर उडवली. १८८६मध्ये जुन्या वळणाच्या मंडळींनी न्यूयॉर्कला वेगळी चूल मांडली, ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरी. भांडण आधीपासूनच धुमसत होतं, सुधारकांच्या १८८५च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यानं ते भडकलं, असं अभ्यासक सांगतात. असेल. पण जाहीरनामा कोणाच्या लक्षात राहतो? खेकडे राहतात.

मला वाटतं, त्या मुदपाकखान्यात अलिबागची एखादी बेने इस्राएल आजी हवी होती. तिनं खवले बघून सुरमई घेतली असती, मटणानंतरच्या गोडाला नारळाचं दूध घातलं असतं आणि कोळंबीची पाटी घेऊन आलेल्या कोळणीला दारातूनच म्हटलं असतं, "आमच्यात नाही गो चालत, पुढच्या घरी जा."