पांबनच्या कठड्याशी

रामेश्वरच्या यात्रेकरूला देवाआधी पूल भेटतो. मंडपम मागे पडलं की रस्ता थेट समुद्रावर चढतो, आणि खालचा रेल्वेपूल ज्या बाजूला दिसतो त्या बाजूच्या खिडक्यांवर अख्खी बस कलंडते. रस्त्याचा हा पूल १९८८ साली वाहनांसाठी खुला झाला. लोक मात्र तो सव्वादोन किलोमीटर लांबीचा सज्जा म्हणूनच वापरतात. गाडी थांबवायला मनाई आहे, त्यामुळे सगळेच थांबतात.

"पाचच मिनिटं हं!" मॅनेजर ओरडला. यात्रा कंपनीची पाच मिनिटं ज्यांनी भोगली आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.

एकीकडे पाल्कची सामुद्रधुनी, दुसरीकडे मन्नारचं आखात. आत्याचं मत, "पाणी एकच, नावं दोन कशाला?" वारा असा, की एकीचा पदर दुसरीच्या सेल्फीत, आणि कुणाची तरी टोपी पासपोर्टशिवाय श्रीलंकेकडे रवाना.

समुद्राकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांना पूल उचललेला बघायचा होता. जहाज आलं तर उचलणार ना! दूरवर एक मच्छीमार होडी दिसली, तिच्याकडे सगळ्यांनी आशेनं पाहिलं. ती खालून आरामात निघून गेली.

मग आप्पांना वाव मिळाला. आप्पा बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. "१९१४चा पूल शरण आल्यासारखे दोन्ही हात वर करायचा. माणसं हातानं फिरवून उघडायची! हा २०२५चा. ७२.५ मीटरचा गाळा अख्खा सरळ १७ मीटर वर जातो. बटणावर." शेवटचा शब्द त्यांनी तुच्छतेनं उच्चारला.

१९६४च्या डिसेंबरातलं चक्रीवादळ सांगताना त्यांचाही आवाज खाली आला. धनुष्कोडीची पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट गेली, पुलाचे गाळे वाहून गेले. "दुरुस्तीला कोण? श्रीधरन! आपल्या कोकण रेल्वेचे. ४६ दिवसांत पूल उभा!"

"आणि तुमच्या खात्यात?" मागून कुणीतरी विचारलं.

"४६ दिवसांत आमच्याकडे फाईल टेबलावरून उठत नाही," आप्पा अभिमानानं म्हणाले.

एवढ्यात रेल्वे खरोखरच आली आणि गेली. आप्पा पुलाकडे पाठ करून गर्डरचा गंज समजावत होते आणि आम्ही भिडेखातर त्यांच्याकडे बघत होतो.

ऊन तापलं, आप्पांचा घसा सुकला. पाण्याचे जार बसच्या डिकीत, डिकीची किल्ली ड्रायव्हरकडे, ड्रायव्हर पोलिसाला समजावण्यात. आप्पांची नजर आत्याच्या पिशवीतल्या गडूवर गेली. काशीहून आणलेली गंगा, रामेश्वराच्या अभिषेकासाठी, तोंडाला लाख लावून बंद.

"ताई, घोटभर... नाथांनी तर अशीच गंगा गाढवाला पाजली होती."

आत्यानं गडू पदराखाली घेतला. "पाजली खरी. पण ते बिचारं मुकं होतं."