सात फुटी

आमच्या आपट्यात पूर्वी रेग्युलेटर दोनच होते. एक पंख्याचा, जो एकावर ठेवा नाहीतर पाचावर, पंखा आपल्या मर्जीनेच फिरतो. दुसरा गॅसचा. तिसरा गावात आणला नळीदादांनी: पाण्याखाली श्वास घ्यायचा, स्कूबाचा. त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत दादा पाण्याखाली एकूण अठरा मिनिटं होते. बाकीचा सगळा काळ, नळी किती लांब असावी हे ठरवण्यात गेला.

दादा रसायनीच्या एका कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. निवृत्तीनंतर माणसं देवळाच्या ट्रस्टवर जातात, शेअर बाजारात जातात. दादा नळीत गेले. त्यांच्या पडवीत खुंटीवर पूर्वी विळा नि इरलं असायचं. आता तिथे पाच नळ्या लोंबतात, आणि प्रत्येकीला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली: २२, २८, ४०, ६०, ८४. सगळं इंचात. पहिल्यांदा आलेला माणूस चिठ्ठ्या वाचतो, मग दादांकडे बघतो आणि हळूच खुर्ची मागे सरकवतो. समोरून जाणाऱ्या एका आजोबांनी तर सरळ विचारलं, “दादूस, नवा पंप बसवतंस कं?”

प्रश्न तसा चुकीचा नव्हता. शिकाऊ माणसाला भाड्याने जो संच मिळतो, त्यात तोंडातली नळी २८-३० इंच असते. जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायची ती वेगळी: पिवळी, साधारण ३६ ते ४० इंच, नाव ऑक्टोपस. टाकीत २०० बार दाब. टाकीवरचा पहिला टप्पा तो आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतका खाली आणतो, आणि तोंडाजवळचा दुसरा टप्पा आपण ओढू तेवढीच हवा सोडतो. एवढं कळलं की शहाणा माणूस उडी मारतो. दादा मात्र इथेच थांबले, कारण त्यांना कुठूनतरी सात फुटी नळीचा पत्ता लागला.

ही नळी निघाली फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांतून. चिंचोळ्या भुयारात एकाची हवा संपली तर दोघांना शेजारी शेजारी पोहत बाहेर पडता येत नाही, एकामागोमाग एकच निघावं लागतं. म्हणून नळी लांब. देणारा आपल्या तोंडातलाच रेग्युलेटर काढून देतो, आणि स्वतः गळ्यात रबरी दोरीने अडकवलेला, आखूड नळीचा दुसरा तोंडात घेतो. “ताईत समज,” दादा म्हणतात.

आता आपट्यात गुहा कुठून आणायची? पाताळगंगेला नाव पाताळाचं असलं तरी तिच्यात भुयार नाही, आणि पावसाळ्यात तिचं पाणी इतकं गढूळ की हात घातला तर कोपर दिसत नाही. म्हणून दादांनी स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधला बोळ पसंत केला. पुढे वहिनी, मागे दादा, मधे सात फूट नळी. एका जूनमध्ये (तेव्हा कोकणात समुद्र बंद असतो, म्हणून सरावाला हाच हंगाम) मी चहाला गेलो, तर ही मिरवणूक बोळातून निघत होती. वहिनींच्या तोंडात रेग्युलेटर, हातात भाकरीचं पीठ. मला बघून त्यांनी रेग्युलेटर काढला आणि म्हणाल्या, “बसा भाऊजी. हवा संपलेली मीच असते नेहमी.”

नळी अंगावर घालण्याचाही विधी आहे. उजव्या काखेखालून खाली, कमरेच्या पट्ट्यात खोचून, छातीवरून तिरकी डावीकडे, मानेमागून फिरवून उजवीकडून तोंडात. मी म्हटलं, “दादा, हे जानव्यासारखं दिसतंय.” दादा गंभीरपणे म्हणाले, “जानव्यात सव्य-अपसव्य चालतं. इथे चुकलास तर मेलास.”

दादांचं तत्त्वज्ञान एकच: जगात जे काही बिघडतं ते लांबी चुकल्यामुळे. याला पुरावा म्हणून ते मला आमच्या स्टेशनवर घेऊन जातात. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा शेवट इथेच चित्रित झाला, हे आपट्याचा माणूस अनोळखी माणसालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. फलाटावर उभं राहून दादा हात पुढे करतात आणि म्हणतात, “शाहरुखचा हात दोन इंच आखूड असता तर काय झालं असतं? पोरगी फलाटावरच राहिली असती.” रोह्याकडची गाडी येते, लोक चढतात, दादांचा हात तसाच पुढे. एकदा एका बाईंनी तो धरून डब्यात चढून घेतलं.

शेवटी मागच्या डिसेंबरात आम्ही तारकर्लीला गेलो. पनवेलला जाऊन कोकणकन्या, कुडाळला उतरून मालवण. दादांच्या बॅगेत पाचही नळ्या, दोन पाने आणि ओ-रिंगांची डबी. तिथे कळलं की पर्यटकांच्या छोट्या डुबकीत आपलं सामान चालत नाही. ते देतील ते घालायचं, प्रशिक्षक मागून टाकी धरतो, पाच-सहा मीटर खाली नेऊन आणतो. दादांची सात फुटी होडीत ओल्या टॉवेलखाली पडून राहिली. होडीवाल्या पोराने ती उचलून पाहिली. “ही नळी इतकी लांब कित्याक?” मग स्वतःच उत्तर दिलं, “होडी बांधूक बरी.” शेजारी एक म्हातारा बसला होता. त्याने दोन्ही हात पसरून नळी मापली आणि म्हणाला, “वावभर, आणि वर वीतभर.” दादा एकदम खूश. चार वर्षांत त्यांच्या नळीकडे एवढ्या आपुलकीने कोणी पाहिलंच नव्हतं.

पाण्याखालचा दादांचा फोटो आता पडवीत लावलाय. मागे पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा, खाली प्रवाळ, उजेड अगदी हिरवा. दादांची पाठ माशांकडे. एक हात प्रशिक्षकाच्या छातीवर, अंगठा आणि करंगळी ताणलेली. ते त्याची पिवळी नळी वितीने मोजतायत. प्रशिक्षकाच्या मास्कआडचे डोळे बघण्यासारखे आहेत.

पण खोटं कशाला बोलू? वर आल्यावर माझा जबडा दुखत होता. डावीकडे मासा दाखवला की मान वळवायची, आणि उजव्या खांद्यावरून आलेली नळी रेग्युलेटर मागे ओढायची. तो सुटू नये म्हणून मी अर्धा वेळ दात आवळून होतो. दादांनी माझ्या गालाला हात लावला, डॉक्टरसारखा. “२८ इंची,” ते म्हणाले. “तुझ्या मानेला आखूड. काखेखालून ४० इंची नेली असती तर काही झालं नसतं.” माणूस चार वर्षं मूर्ख ठरत आला आणि नेमका माझ्या जबड्यावर खरा निघाला, याचा मला अजून राग आहे.

परवा त्यांच्याकडे गेलो तर वहिनी गॅसखाली वाकल्या होत्या. नळीला चीर गेली होती. नळीवरची तारीख वाचून दाखवली त्यांनी: पाच वर्षांनी बदलायची, ती बदलायला दोन वर्षं उशीर झाला होता. “घरात नळ्यांचा तज्ज्ञ, आणि ही नळी कोणी बघायची?” दादा ओशाळले, पण क्षणभरच. मग त्यांनी सांगितलं की १९४३ साली कूस्तो या फ्रेंच माणसाबरोबर पाण्याखालचा रेग्युलेटर बनवणारा गान्यां हा मुळात गॅसवाल्या कंपनीचा इंजिनीअर. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायला त्याने व्हॉल्व्ह केला होता, तोच पुढे पाण्यात गेला. “म्हणजे दोन्ही एकाच घराण्यातले,” दादा म्हणाले.

“मग घराण्यातली एक आणा,” वहिनी म्हणाल्या. “चहा खोळंबलाय.”

एजन्सीला फोन लावला. पोरगा नारिंगी नळ्या घेऊन सायकलवरून आला. वहिनींनी त्याला दारातच डोळ्यांनी खुणावलं, पण त्याला ते कळलं नाही.

“काका, दोन साइज आहेत. एक मीटर वीस आणि दीड मीटर. कुठली देऊ?”

दादांनी खिशातून टेप काढला. वहिनींनी आधणाचं पातेलं उतरवून ओट्यावर ठेवलं आणि माझ्यापुढे तांब्याभर पाणी सरकवलं.