उरुसाच्या गाण्याला कसे बसावे : सोलापूरकर नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत कसे शिरावे आणि हुरडा किती खाल्ला की थांबावे, हे सोलापूरकराला कोणी शिकवत नाही. ते अंगातच असते. मिरजेच्या उरुसातल्या गाण्याला कसे बसावे, हे मात्र अंगात नसते. एखादा मित्र “चल की बे, रात्रीचं गाणं ऐकून येऊ” म्हणून गाडीत घालतो आणि तिथे पोचल्यावर आपल्याला कळते की, मांडी घालून चार तास बसायचे आहे, मध्यंतरात वडा मिळेलच असे नाही आणि शेजारच्या माणसाने डोळे मिटले आहेत ते झोपेमुळे नव्हे. अशा प्रसंगी गोंधळ उडू नये म्हणून पुढील पायऱ्या क्रमाने वाचाव्यात. आधीपासून जाणकार असलेल्यांनी वाचल्या नाहीत तरी चालेल. ते तसेही कोणाचे ऐकत नाहीत.

पायरी १ : आपण कुठे चाललो आहोत हे माहीत करून घ्या

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैराना गावचे. पण घर केले ते मिरजेत. या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती आणि ते इथे गात असत. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांना दर्ग्याच्याच आवारात विसावा मिळाला. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. गाणे होते ते आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली. गाणारे इथे ‘कार्यक्रम’ करत नाहीत, हजेरी लावतात. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही, पहिल्या रांगेचा पासही नाही. त्यामुळे “आपली ओळख आहे” हे सोलापुरात हमखास चालणारे वाक्य इथे उपयोगी पडत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उरूस पिराचा, मानाचा गलेफ म्हणजे कबरीवर चढवायची चादर चर्मकार समाजाची, आणि गाणाऱ्याची बंदिश बहुधा कृष्णाची. यात कोणालाही विसंगती वाटत नाही. आपल्याला वाटली तर ती मनात ठेवावी आणि गाणे ऐकावे.

पायरी २ : तारीख विचारा

उरूस चांद्र पंचांगाप्रमाणे येतो, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबून गेलात तर चिंचेचे झाड दिसेल, गाणे नाही. वेळही विचारून घ्यावी. पूर्वी मैफल पहाटेपर्यंत चाले आणि भैरवी उजाडताना होई. आता उघड्यावर ध्वनिवर्धक लावायचा तर रात्री दहाचा नियम आहे. त्यापुढे वर्षातल्या मोजक्या दिवशीच आणि तीही मध्यरात्रीपर्यंतच सवलत मिळते. म्हणून ‘रात्रभर गाणे’ ही आपल्या वडिलांच्या तोंडची हकिगत आहे असे समजून निघावे, आणि जे मिळेल ते ऐकावे.

पायरी ३ : सामान भरा

यादी छोटी आहे.

अ) सोलापुरी चादर. थंडी असो नसो, न्यावीच. पसरली की जागा होते, पांघरली की थंडी जाते, गुंडाळली की लोड होतो. फक्त दर्ग्याच्या दारातून शिरताना ती दोन्ही हातांवर धरून चालू नये. लोक गलेफ समजून वाट करून देतात आणि मग मधूनच वळणे अवघड होते.

आ) कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. हे खाद्य टिकाऊ आहे, पण त्याला वेळेचे भान लागते. कडक भाकरी विलंबितात मोडू नये. तिचा आवाज थेट व्यासपीठापर्यंत जातो. द्रुत सुरू होऊन तबला तापला की खुशाल मोडावी. चटणीचा ठसका लागलाच तर तो समेवर यावा, एवढी काळजी घ्यावी.

इ) डाळिंबे. वाटेत सांगोल्याला मिळतील.

हौस असेल तर हेही ध्यानात ठेवा : सोलापुरी चादर, भाकरीची मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, सोलापूरचे डाळिंब आणि ज्याच्या सुरावर गाणे होणार तो मिरजेचा तंबोरा, या चारही वस्तूंना भौगोलिक मानांकन आहे. मानांकन नसलेली वस्तू म्हणजे फक्त आपण. तेव्हा नम्रपणे वागावे.

पायरी ४ : रस्ता धरा

सोलापूर, मंगळवेढे, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, आणि वाटेतला बराच मुलूख दुष्काळी. माळ, बाभळी, मध्येच डाळिंबाच्या बागा, आणि टँकरची वाट बघितलेली गावे. गाडीत चित्रपटगीते लावू नयेत असे काही शुद्धिवादी सांगतात. खुशाल लावावीत. फक्त सांगोल्याच्या पुढे गेल्यावर बंद करावीत, कारण कानाला थोडा रिकामा वेळ लागतो. या रस्त्यावर बघण्यासारखे फार नाही, ही तक्रार नसून सोय आहे.

पायरी ५ : दुपार सत्कारणी लावा

मिरजेला दुपारी पोचलात तर थेट लॉजवर जाऊन आडवे होऊ नका. वाद्ये बनवणाऱ्यांच्या गल्लीत जा. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी सतार आणि तंबोरा बनवायला घेतला, आणि पुढे त्यांचे आडनावच सितारमेकर झाले. राजेरजवाड्यांच्या तलवारी म्यानात गेल्या तेव्हा त्यांनी धंदा बदलला, आणि महाराष्ट्राच्या गाण्याला त्याचा फायदा झाला.

दुकानात शिरल्यावर “हा केवढ्याला?” हा प्रश्न आधी विचारू नये. छताला टांगलेले मोठमोठे भोपळे बघावेत आणि विचारावे, “हे कुठले?” उत्तर ऐकून सोलापूरकराची छाती फुगते. हे भोपळे पंढरपूरच्या परिसरातले, भीमेच्या काठचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यातले. खायला कडू, म्हणून भाजीच्या उपयोगाचे नाहीत. ते वेलावर पूर्ण मोठे होऊ द्यायचे, मग महिनोन् महिने वाळवायचे. पाठ टणक झाली की आतला गर काढून त्यावर लाकडी दांडी चढते. जितका भोपळा मोठा आणि गोल, तितका तंबोऱ्याचा आवाज घुमारेदार. ज्या उन्हाला आपण मार्च ते जून शिव्या घालतो, ते ऊन कोणाच्या तरी षड्जाला कामी येते.

इथे “मला गाण्यातलं काही कळत नाही” हे वाक्य कायमचे मागे घ्यावे. जिल्ह्याने भोपळा पुरवला आहे. ऐकायचा हक्क त्यातच आला.

पायरी ६ : जागा धरा

अगदी पुढे बसू नये. पुढे बसलेल्याला उठता येत नाही. अगदी मागे बसू नये. मागे बसलेले गप्पा मारतात आणि तुम्ही सोलापूरचे असल्यामुळे त्यांत भाग घ्याल. मधोमध, एखाद्या वयस्कर आणि सडपातळ श्रोत्याच्या मागे बसावे. गुडघेदुखी असलेल्यांनी खांब किंवा भिंत शोधावी. लोकांना काय वाटेल याचा विचार करू नये. रात्री अकराच्या सुमारास सगळेच भिंत शोधतात.

पायरी ७ : जुळवणीला टाळ्या वाजवू नका

गायक येतात, बसतात, आणि पंधरा मिनिटे तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत राहतात. नवशिक्याला वाटते, काहीतरी बिघडले. तसे नाही. चार तारा आहेत. त्या एकमेकींशी बोलू लागेपर्यंत गाणे सुरू होत नाही. १९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांची जुळवणी संपताच हजारोंनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणीच इतकी आवडली असेल तर वाजवणे आणखी आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे रविशंकर बोलले. न्यूयॉर्कने केलेली चूक मिरजेत जाऊन आपण करण्याचे कारण नाही.

जुळवणीची थट्टा सुचली तर अब्दुल करीम खाँसाहेबांची शेवटची हकिगत आठवावी. ते मद्रासहून पाँडिचेरीकडे रेल्वेने निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागले, म्हणून सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावर बिछाना पसरला, आणि सांगतात की, त्यांनी आधी तंबोरा जुळवून घेतला, मग दरबारीत प्रार्थना गाऊन प्राण सोडला. हातात तेवढाच वेळ असताना ज्यांनी तो जुळवणीला दिला, त्यांच्या समाधीशेजारी बसून आपण घड्याळ बघणे बरे दिसत नाही.

पायरी ८ : ऐका

किराणा घराणे स्वराला धरून चालते. एकच स्वर लावायचा, त्याच्याभोवती फिरायचे, आणि पुढच्या स्वरावर जायची अजिबात घाई करायची नाही. विलंबित एकतालाच्या मात्रा बाराच असतात, पण त्या अशा लांबवलेल्या असतात की एक आवर्तन संपायला मिनिटभर लागावे. पहिल्या पाच मिनिटांत काही घडत नाही असे वाटेल. तेच घडत असते.

राग ओळखायच्या भानगडीत पडू नका. कोणी विचारलेच, “कोणता वाटतो?” तर “आज जरा वेगळा लावलाय” असे म्हणावे. हे उत्तर मालकंसाला चालते, बागेश्रीला चालते आणि गायकालाही ते मनातून पटते.

समेसाठी मात्र सोपी युक्ती आहे. समोरच्या डोक्यांकडे बघा. सम आली की ती सगळी एकदम हलतात. सुरुवातीला आपले डोके त्यांच्या मागोमाग हलेल. पाच-सहा आवर्तनांनंतर ते त्यांच्याबरोबर हलेल, आणि केव्हा तरी त्यांच्याकडे न बघताच हलेल. त्या क्षणी तुम्ही श्रोते झालात. प्रमाणपत्र मिळत नाही.

पायरी ९ : दाद जपून द्या

‘वाह’ लहान आवाजात. ‘क्या बात है’ क्वचित. ‘एक नंबर’ मनातल्या मनात. शिट्टी अजिबात नाही. ती सोलापूरच्या चित्रपटगृहांसाठी राखून ठेवावी. मोबाइल खाली ठेवा. चित्रीकरणात गाण्याचा आवाज कमी आणि तुमच्या शेजाऱ्याचा खोकला जास्त येतो.

शेजारी जाणकार निघाला तर त्याच्याशी वाद घालू नये. तो म्हणेल, “खरं गाणं हिराबाईंचं.” हिराबाई बडोदेकर खाँसाहेबांच्या कन्या, आणि त्यांचा जन्म मिरजेचाच, त्यामुळे त्याचे म्हणणे खोडून काढणे कठीण. मान डोलवावी. मैफलीत अडचण न कळणाऱ्याची कधीच होत नाही. सगळे कळते असे दाखवणाऱ्याची होते, कारण त्याला दुसऱ्याचे डोके हलताना बघवत नाही.

पायरी १० : झोप आली तर

झोपावे. चादर आहेच. तंबोऱ्याच्या सुरात आलेली डुलकी हा अपमान समजला जात नाही. घोरणे समजले जाते. म्हणून कुशीवर झोपावे आणि द्रुताला उठवायला मित्राला सांगून ठेवावे.

निकाल

परत आल्यावर घरचे विचारतील, “काय कळलं का?” खरे उत्तर द्यावे : फारसे नाही. गाणे कळणे ही बरीच पुढची गोष्ट आहे, आणि ती बसायला शिकल्यावाचून सुरू होत नाही. पावसाची वाट बघत बसण्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय असलेल्या जिल्ह्याला एका स्वराची वाट बघणे अवघड जाऊ नये. तेव्हा या वर्षी उरुसाची तारीख कोणाकडून तरी नक्की करून घ्या, आणि गाडीत एक जागा गाण्यातले काही न कळणाऱ्या माणसासाठी रिकामी ठेवा.