बेल्ट कधी बदललाय?

फेरारी नावाचा किडा मराठी मध्यमवर्गाच्या डोक्यात नेमका कधी शिरला, ते साल सांगता येतं. 2002. सचिनने ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केली, फियाटने त्याला लाल 360 मोडेना भेट दिली आणि सिल्व्हरस्टोनला खुद्द शूमाखरने ती त्याच्या हवाली केली. पुढे देशभर चर्चा झाली ती मात्र त्या गाडीच्या वेगाची नव्हे, कस्टम ड्यूटीची. सरकारने ड्यूटी माफ केली, लोक खवळले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, शेवटी रक्कम फियाटने भरली. फुकट मिळालेली फेरारीसुद्धा फुकट पडत नाही, हे तेव्हाच आपल्या लक्षात यायला हवं होतं. पण आपण पोस्टर बघत होतो.

तेव्हा मी न्यू जर्सीत नवखा होतो आणि दरवाजा आतून न उघडणारी कोरोला चालवत होतो. आता मुलीचं कॉलेज संपलंय, घराचं कर्ज संपत आलंय आणि एके काळी दीड लाख डॉलरच्या घरात असलेली 360 मोडेना इथे एखाद्या नव्या, भरगच्च एसयूव्हीच्या पैशात मिळते. हे मी रात्री जेवताना अगदी सहज, कोशिंबीर वाढून घेता घेता, घरात सांगितलं. बायको अकाउंटंट आहे. ती हिंसक माणसांसारखं ओरडत नाही, शांतपणे प्रश्न विचारते.

"इतकी स्वस्त का झाली?"

या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझा हिवाळा गेला.

उत्तर असं आहे. गाडीची किंमत वीस वर्षांत उतरली, ही बातमी तिच्या वॉटर पंपाला कोणी कळवलेली नसते. तो अजून नव्या फेरारीचाच पंप असतो. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, कोपऱ्यातला फुटलेला दिवा, सगळ्यांची खानदानी ऐट कायम. गाडी घेणारा मात्र आमच्यासारखा असतो, म्हणजे किराणा दुकानात कुपन काढणारा. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात गाडी आली की देखभालीत काटकसर सुरू होते, आणि ती सगळी काटकसर व्याजासकट चौथ्या मालकाकडून वसूल केली जाते. चौथा मालक व्हायला मी निघालो होतो.

त्यातही टायमिंग बेल्ट हे स्वतंत्र प्रकरण आहे. इंजिनातला हा रबरी पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात आणि इंजिनाचं मातेरं होतं. 360 च्या आधीच्या एफ-355 मध्ये तो बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. 360 मध्ये इटालियनांना दया आली आणि त्यांनी सीटच्या मागे झाकण ठेवलं, तिथून काम होतं. नंतरच्या एफ-430 ला त्यांनी साखळीच बसवली. पण 360 चा बेल्ट नुसता मैलांवर बदलायचा नसतो, वर्षांवरही बदलायचा असतो.

"म्हणजे नाही चालवली तरी?" बायकोने विचारलं.

"नाही चालवली तरी."

"आणि चालवली तर?"

"तर क्लचही."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

अशा गाड्यांच्या जाहिरातीत पहिल्यांदा नजर जाते ती मैलांवर. वीस वर्षांत नऊ हजार मैल! आपल्या संस्कारांना हे फार भावतं. आमच्या कराडच्या घरी शोकेसमध्ये सोनेरी काठाचे सहा कप होते. ते इतके चांगले होते की त्यातून कधी कोणी चहा प्यायलाच नाही, आणि म्हणून आजही ते नवे आहेत. गाडीचंही तसंच असणार, असं मी धरून चाललो होतो. पण चिनीमाती बसून खराब होत नाही, रबर होतं. उभ्या गाडीची सीलं सुकतात, तेल झिरपायला लागतं, टाकीत पेट्रोल शिळं होतं, बॅटरी मान टाकते. टायरवर तर जन्मतारीखच कोरलेली असते. चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2311 म्हणजे 2011 सालचा तेविसावा आठवडा. वरची नक्षी कोरी करकरीत आणि रबर लाकडासारखं कडक. मी पाहायला गेलेल्या एका गाडीचे टायर माझ्या मुलीच्या मिडल स्कूलच्या काळातले होते आणि विकणारा अभिमानाने सांगत होता, "पावसात कधी काढली नाही." गाडी पावसात काढली नाही, धुळीत काढली नाही, थंडीत काढली नाही, मग काढली कधी, असं आईने मला मराठीत विचारलं.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती आणि घरात एकटी कंटाळते म्हणून गाड्या बघायला माझ्याबरोबर येत असे. विक्रेत्यांना वाटे की पैसे तिचे आहेत. तिला ते आवडायचं. ती चारी बाजूंनी फिरून बघायची, दाराच्या फटीत बोट घालायची आणि मग आत बसायची. आत बसणं हा भाग सोपा नव्हता. बसताना गुरुत्वाकर्षण मदतीला असतं. उतरताना मी आणि विक्रेता. एकदा तिने डॅशबोर्डावरच्या बटणाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"अरे, कोणीतरी गुलाबजाम खाऊन हात पुसलेत इथे."

गुलाबजाम नव्हता. त्या काळच्या इटालियन गाड्यांत बटणांवर मऊ, मखमली लेप देत असत. काही वर्षांनी तो लेप विरघळून चिकट होतो. ही बटणं काढून, खरवडून, पुन्हा रंगवून देणाऱ्यांचा अमेरिकेत वेगळा धंदाच आहे. विक्रेत्याने मला हे फार मोठ्या मनाने समजावून सांगितलं आणि किंमत एका डॉलरने कमी केली नाही.

दरम्यान मंडळात बातमी फुटली. गणपतीच्या आरतीनंतर ज्या लोकांनी मला वीस वर्षांत कॅमरीपलीकडे विचारलं नव्हतं ते सल्ले देऊ लागले. एका डॉक्टरसाहेबांनी लॅम्बोर्गिनी गॅलार्डो सुचवली. दहा सिलिंडर, 2003 पासून दहा वर्षांत चौदा हजार बनल्या, त्यामुळे मिळायला अडचण नाही आणि वर कंपनी आऊडीच्या ताब्यात, म्हणजे जर्मन शिस्त. आईला मी सांगितलं की ही कंपनी काढणारे फेरुचिओ लॅम्बोर्गिनी मुळात ट्रॅक्टरवाले. स्वतःच्या फेरारीच्या क्लचबद्दल ते एन्झो फेरारींकडे तक्रार घेऊन गेले, फेरारींनी त्यांना ट्रॅक्टर चालवायचा सल्ला दिला, आणि त्या रागात त्यांनी गाड्यांचा कारखाना काढला, असं सांगतात. आईला हा माणूस एकदम पसंत पडला. मामाकडे ट्रॅक्टर आहे. "ट्रॅक्टरवाल्याने केली म्हणजे टिकाऊ असेल," ती म्हणाली. मी ई-गिअरवाल्या गॅलार्डोच्या क्लचची किंमत काढली तेव्हा तेवढ्यात मामाला बरा जुना ट्रॅक्टर आला असता. ज्या माणसाने क्लचच्या रागातून कारखाना काढला, त्याच्याच नावाच्या गाडीचा क्लच आपल्याला बुडवणार, ही गंमत मला परवडणारी नव्हती.

माझं स्वतःचं मत विचाराल तर या सगळ्यांत शहाणी गाडी होंडाची एनएसएक्स. 1990 ची, अंगाने पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची, घडवताना आयर्टन सेनाने चालवून पाहिलेली, आणि वर रोज ऑफिसला नेता येईल इतकी सज्जन. अमेरिकेत ती अक्युरा म्हणून विकली. पण शहाणपणाची किंमत जगाला उशिरा कळते आणि कळली की फार कळते. आता चांगली एनएसएक्स 360 पेक्षा महाग मिळू शकते. शिवाय मंडळात सगळ्यांनी एकमुखाने विचारलं असतं, एवढ्या पैशात होंडाच घ्यायची होती तर सिव्हिक काय वाईट होती?

लोटस एलिसचंही वाईट वाटलं. वजन नऊशे किलोच्या आसपास, इंजिन टोयोटाचं, सेलिकाच्या वरच्या मॉडेलमध्ये होतं तेच. बायकोच्या वहीत तिला बरोबरची खूण मिळाली होती. पण छत चढवलेलं असताना एलिसमध्ये शिरायचं म्हणजे आधी एक पाय, मग बूड, मग डोकं आणि शेवटी उरलेला पाय असा क्रम आहे. माझा क्रम चुकला आणि मी दारात काही काळ राहिलो. मासेराटीबद्दल मी काही बोलणार नाही. बायकोने घसाऱ्याचा आलेख काढला होता, तो कागदाच्या खाली गेला.

एव्हाना मला एक गोष्ट कळली होती. मी गाड्या बघणं सोडून मालक बघायला लागलो होतो. गाडी चकचकीत पण मालक "पावत्या कुठेतरी आहेत" म्हणाला की मी चहासुद्धा न घेता उठायचो. बोनेटखाली मला तसंही काही समजत नाही. ते समजणारा मेकॅनिक पैसे देऊन मिळतो. तो गाडी लिफ्टवर चढवतो, प्रत्येक सिलिंडर दाब धरतो का पाहतो, रंगाची जाडी मोजून जुना अपघात शोधतो. तीनेकशे-चारशे डॉलर घेतो आणि तुमचे तीस हजार वाचवतो. त्याच्यापुढे विक्रेता काचकूच करू लागला तर ते तीनशेही वाचतात.

आणि असा मालक सापडला. पेन्सिल्व्हेनियातला एक निवृत्त दंतवैद्य. गाडी फेरारी नव्हती. 2009 ची पोर्शे बॉक्स्टर एस, शहाऐंशी हजार मैल चाललेली. आधीच्या बॉक्स्टरमध्ये इंजिनातल्या एका शाफ्टच्या बेअरिंगची धास्ती असते. 2009 पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही, त्यामुळे ते बेअरिंगही नाही. म्हाताऱ्याने दाखवायला आधी गाडी काढली नाही, फाईल काढली. तेल बदलल्याची प्रत्येक पावती, तारखेवार, पंच करून लावलेली. वायपरच्या रबराचीसुद्धा. बायकोने ती फाईल मांडीवर घेतली आणि मी तिच्या चेहऱ्यावर जो भाव पाहिला तो आमच्या लग्नातल्या फोटोत नाही.

डॉक्टरसाहेब मंडळात म्हणाले, "चांगली आहे, पण ही काही एक्झॉटिक नव्हे." खरं आहे. शहाऐंशी हजार मैल चालणाऱ्या गाडीला कोण एक्झॉटिक म्हणेल?

गाडी घरी आली त्या रविवारी आईने हळदकुंकू वाहिलं आणि इंजिन दाखव म्हणाली. 360 ला इंजिनावर काच असते, आठही सिलिंडरांचा संसार रस्त्यावरून दिसतो, तेवढं तिच्या लक्षात होतं. मी पुढचं झाकण उघडलं. तिथे डिकी. मागचं उघडलं. तिथेही डिकी. बॉक्स्टरचं इंजिन दोन्हींच्या मध्ये, सीटच्या मागे पुरलेलं असतं आणि मालकाला ते दिसण्याची काही सोय नसते. मागच्या डिकीत तेल आणि पाणी घालायची दोन टोपणं तेवढी दिसतात. आईने दोन्ही डिक्यांत डोकावून पाहिलं. मग ती बायकोकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्या फाईलमध्ये इंजिनाची पावती आहे ना गं? एकदा बघून घे."